स्टिरिओचा विस्मृत जनक : अॅलन ब्लमलाइन

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे तालुक्याचे गाव दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर यांमुळे वऱ्हाडात सर्वपरिचित आहे. उरूस असो, यात्रा असो की लग्नाचा मांडव, भोंग्यातून रेकॉर्ड वाजू लागली की वऱ्हाडातल्या अशा गावांत समारंभाला सुरुवात झाली असे एके काळी समजले जाई. पुढे कॅसेट आली, मागोमाग सीडी आली आणि आता खिशातल्या मोबाइलमध्ये हजारो गाणी मावू लागली. तरीही जुन्या घरांच्या माळ्यावरून लाखेच्या ध्वनिमुद्रिकांची एखादी पेटी आणि तिच्या सोबतीला व्हॉल्व्हचा एखादा जड डबा अजूनही निघतो. भंगारवाल्याला देण्याआधी तो एकदा वाजवून पाहावा, असे कुणाला तरी वाटते आणि जाणत्या कारागिराचा शोध सुरू होतो.

हा डबा पुष्कळदा प्री-अॅम्प्लिफायरचा असतो. ध्वनिमुद्रिकेवरून फिरणाऱ्या सुईने उचललेला अत्यंत क्षीण विद्युतसंकेत तो मोठा करतो आणि मुख्य अॅम्प्लिफायरकडे सोपवतो. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजमधून येणारा संकेत सुमारे पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टच्या दोनशेव्या भागाएवढा असतो. त्यात जराशी खरखर मिसळली की पुढे कितीही महागडा स्पीकर लावला तरी उपयोग होत नाही. म्हणूनच जुन्या संगीताचे शौकीन या डब्याच्या दुरुस्तीला एवढे महत्त्व देतात. मात्र डब्याचे झाकण काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की आतील मांडणीत एकाच माणसाच्या कल्पना ठिकठिकाणी दडलेल्या आहेत. अॅलन ब्लमलाइन हे त्यांचे नाव. अवघ्या ३८ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली. आपण आज सहजपणे ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचे ते जनक. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांचे साधे चरित्रही प्रसिद्ध झाले नव्हते.

घंटेच्या दुरुस्तीचे बिल

ब्लमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन हे मूळचे जर्मन, खाणकामातील अभियंता होते. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. अॅलन सात वर्षांचे असताना त्यांनी घराच्या दाराची बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल सादर केले. त्या बिलावर त्यांनी स्वतःचा उल्लेख विद्युत अभियंता असा केला होता, अशी हकिकत कुटुंबात सांगितली जाई. या हुशार मुलाला वाचन मात्र बाराव्या वर्षापर्यंत नीट जमत नव्हते. यंत्र आणि गणित यांच्याशी त्यांची जी गट्टी जमली, ती पुस्तकांशी जमायला वेळ लागला.

लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पदवी मिळवून १९२४ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत दाखल झाले. काम होते दूरध्वनीचे. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये एका जोडीवरील संभाषण शेजारच्या जोडीवर ऐकू येई. हा दोष कमी करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यासाठी त्यांनी युरोपातील दूरध्वनी मार्गांवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या. सूक्ष्म संकेत शुद्ध कसा राखावा, शेजारच्या गोंगाटापासून त्याला कसे वाचवावे, हा धडा त्यांनी इथे गिरवला. प्री-अॅम्प्लिफायरचे मर्मही नेमके तेच आहे.

रॉयल्टीतून सुटका

मार्च १९२९ मध्ये ब्लमलाइन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १९२५ पर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागत असे. आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच उमटायची. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आला आणि ध्वनिमुद्रणाचे रूप पालटले. मात्र ही विद्युत पद्धत अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मालकीची होती. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे तिला रॉयल्टी मोजावी लागे. त्या पेटंटच्या कुंपणाबाहेर राहून तितकीच किंवा अधिक चांगली पद्धत तयार करण्याची जबाबदारी कंपनीचे आयझॅक शोएनबर्ग यांनी या पंचविशीतल्या अभियंत्यावर टाकली.

सहकारी एच. ई. होल्मन यांच्या साहाय्याने ब्लमलाइन यांनी खाच कोरणारे नवे यंत्र तयार केले. जुन्या यंत्रात लोखंडाचा तुकडा हलत असे, नव्यात तारेचे वेटोळे हलू लागले. परिणामी आवाज अधिक स्वच्छ उमटू लागला आणि रॉयल्टीही वाचली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि हिज मास्टर्स व्हॉइसची मालक ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ई.एम.आय. ही कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनच्या अॅबी रोडवर तिचा स्टुडिओ सुरू झाला. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्या घराघरांत पोहोचले होते, त्या घरांच्या यादीत महाराष्ट्रातीलही असंख्य घरे होती. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यातून या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका देशभर जात असत. मंगरूळपीरहून वाशीमच्या पलीकडे असलेल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता विदर्भाचेच जी. एन. जोशी यांच्या आवाजात महाराष्ट्रभर गाजली, ती याच एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रिकेवरून.

जुना आवाज घोगरा का वाटतो?

ध्वनिमुद्रिकेवर संगीत जसेच्या तसे कोरलेले नसते, ही गोष्ट अनेक श्रोत्यांना ठाऊक नसते. मंद्र स्वरांना सुई फार मोठे झोके घेते. ते पूर्ण ताकदीने कोरले तर शेजारच्या दोन खाचा एकमेकींत घुसतील. म्हणून कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबले जातात आणि वाजवताना प्री-अॅम्प्लिफायरने ते पुन्हा तितकेच उचलायचे असतात. हे दाबणे कोणत्या कंपनसंख्येपासून सुरू करायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवत असे. ई.एम.आय.च्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी २५० हर्ट्झच्या आसपासची जी मर्यादा वापरली गेली, तिला संग्राहक आजही ब्लमलाइन यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने सर्वांसाठी एकच मोजमाप ठरवले. आर.आय.ए.ए. या नावाने ते जगभर रूढ झाले. या पद्धतीत मंद्र स्वरांची मर्यादा ५०० हर्ट्झला आहे. शिवाय तार स्वर कोरतानाच वाढवून ठेवलेले असतात आणि वाजवताना ते कमी करावे लागतात. १०,००० हर्ट्झला ही घट जवळजवळ १४ डेसिबल असते. आता लाखेची जुनी ध्वनिमुद्रिका आजच्या साध्या यंत्रावर लावली तर काय होते, ते पाहा. जे कधी वाढवलेच नव्हते ते तार स्वर विनाकारण कापले जातात आणि मंद्र स्वर गरजेपेक्षा अधिक फुगतात. आवाज घोगरा आणि कोंदलेला येतो. मग जुन्या काळचे गाणे असेच असायचे, असा समज होतो आणि गायकावर नकळत अन्याय होतो.

पन्नाशीच्या दशकातील क्वाड किंवा लीक या इंग्लिश कंपन्यांच्या प्री-अॅम्प्लिफायरवर यासाठी वेगवेगळी बटने किंवा खटके असत. ७८ फेऱ्यांसाठी एक, एलपीसाठी दुसरे. योग्य खटका दाबला आणि रुंद खाचेसाठीची जाड सुई लावली की त्याच ध्वनिमुद्रिकेतून शब्दांची टोके स्पष्ट होतात, श्वास ऐकू येतो, तबल्याचा चाट आणि तंबोऱ्याची जवारी यांना धार येते. पृष्ठभागाची खरखरही अर्थातच वाढते, पण कान थोड्याच वेळात तिच्या पलीकडे ऐकायला शिकतो.

एका खाचेत दोन आवाज

१९३१ मध्ये ब्लमलाइन आपली भावी पत्नी डोरीन यांच्यासह एक बोलपट पाहत होते. पडद्यावरील पात्र एका बाजूला चालत जाई, पण त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या स्पीकरमधून येत राही. आंधळ्या प्रेक्षकाला तो माणूस कुठे आहे हे कसे कळणार, असा प्रश्न त्यांना पडला. आवाजाने माणसाच्या मागे चालायला हवे आणि ते कसे घडवायचे याचा मार्ग आपल्याला सापडला आहे, असे त्यांनी डोरीन यांना सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. जून १९३३ मध्ये ३९४३२५ या क्रमांकाने तो मंजूर झाला. त्यात तब्बल ७० दावे होते. डाव्या आणि उजव्या कानापर्यंत आवाज पोहोचण्यात क्षणाच्या सूक्ष्म भागाचा फरक असतो आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. हा फरक दोन स्पीकरमधून पुन्हा कसा निर्माण करावा, याची मांडणी त्यांनी केली. एकाच जागी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनची त्यांची जोडी आजही ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमात त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

त्याहून विलक्षण होती ती खाचेची कल्पना. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेची एक भिंत डाव्या वाहिनीला आणि दुसरी उजव्या वाहिनीला द्यायची, दोन्ही भिंती ४५ अंशांनी कललेल्या ठेवायच्या आणि एकाच सुईने दोन्ही वाचायच्या. आजची प्रत्येक स्टिरिओ एलपी याच तत्त्वावर कोरलेली असते. जानेवारी १९३४ मध्ये अॅबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या दिग्दर्शनाखाली मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम सुरू असताना ब्लमलाइन यांनी ती या पद्धतीने मुद्रित केली. १९३५ मध्ये हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचे चित्रण करून त्यांनी बोलपटासाठीही प्रयोग करून दाखवला. मंदीच्या त्या काळात ग्राहक एक स्पीकर घेतानाही विचार करत होता, तर दोन कोण घेणार, असा व्यवहारी विचार पुढे आला आणि स्टिरिओ कपाटात गेला.

डब्याच्या आत

कारागीर जुना प्री-अॅम्प्लिफायर उघडतो, तेव्हा त्याला या सर्व इतिहासाचे सुटे भाग दिसतात. पन्नास-साठ वर्षांत कागदी कंडेन्सर गळू लागलेले असतात. पुढच्या व्हॉल्व्हवर नको तो विद्युतदाब जातो आणि आवाज फाटतो. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, त्यामुळे सतत घुमघुम ऐकू येते. कार्बनच्या रेझिस्टन्सची किंमत वाढत जाते आणि त्यांतून सुस्कारा निघतो. खटक्यांवर काळा थर चढतो. म्हणून अनुभवी कारागीर असा डबा एकदम मुख्य विजेला जोडत नाही. आधी कंडेन्सर तपासतो, मग सिरीज बल्ब लावून वीज हळूहळू देतो. आत २५० ते ३०० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. हे काम हौशी हाताने करण्याजोगे नाही.

भाग बदलताना पथ्य एकच. सुटा भाग नवा घालावा, रचना मात्र जुनीच ठेवावी. आवाजाचा तोल ठरवणारे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर दोन्ही वाहिन्यांत अचूक जुळवून घ्यावे लागतात. एका बाजूला जरासा फरक पडला तरी मध्यभागी उभा असलेला गायक एका अंगाला सरकल्यासारखा वाटतो. ईसीसी ८३ सारखे व्हॉल्व्ह मात्र बऱ्याचदा अजून चांगले निघतात.

या रचनेत ब्लमलाइन जागोजागी भेटतात. अनेक प्री-अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात वापरला जाणारा कॅथोड फॉलोअर त्यांच्या १९३४ च्या पेटंटमध्ये आहे. विकृती कमी करणाऱ्या निगेटिव्ह फीडबॅकचा शोध अमेरिकेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांचा, पण त्यावरही ब्लमलाइन यांची पेटंट आहेत. मुख्य अॅम्प्लिफायरमध्ये संकेताचे दोन समान भाग करणारी लाँग-टेल्ड पेअर ही जोडणी त्यांचीच आणि पन्नाशीच्या दशकात अल्ट्रालिनियर नावाने गाजलेल्या पद्धतीचे मूळही त्यांच्या १९३७ च्या पेटंटमध्ये सापडते. एकाच खोक्यात, एकाच माणसाची इतकी कामे क्वचितच एकत्र नांदतात.

लाखेची ध्वनिमुद्रिका स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवताना दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्या, तर सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर परस्परांना छेदून नाहीशी होते. गाणे आडव्या हालचालीत असते, ते तसेच राहते. बेरीज आणि वजाबाकीचा हा हिशेबही ब्लमलाइन यांनी मांडला होता. स्टिरिओचा शोध असा एकवाहिनी गाण्याच्याही उपयोगी पडला.

शेवटचे उड्डाण

स्टिरिओ बाजूला पडल्यावर ब्लमलाइन दूरचित्रवाणीकडे वळले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. तेथे वापरल्या गेलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा होता. जॉन लोगी बेअर्ड यांची स्पर्धक पद्धत काही महिन्यांतच मागे पडली.

दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांची बुद्धी रडारच्या कामाला लागली. रात्रीच्या अंधारात किंवा ढगांच्या वरून जाणाऱ्या विमानाला खालच्या जमिनीचे चित्र दाखवणारे एच-टू-एस हे रडार तयार होत होते. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे व्ही ९९७७ हे विमान इंग्लंडमधील डेफोर्ड विमानतळावरून उडाले. विमानात ब्लमलाइन आणि त्यांचे ई.एम.आय.मधील सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदन होते. उजव्या बाजूच्या इंजिनाने पेट घेतला आणि वेल्श बिकनॉर गावाजवळ विमान कोसळले. विमानातील अकराही जणांचा मृत्यू झाला. इंजिनातील एक नट नीट आवळला गेला नव्हता, त्यातून झडप तुटली आणि आग लागली, असे पुढे तपासात निष्पन्न झाले.

रडारचे काम अत्यंत गुप्त होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ गमावला हे शत्रूला कळू नये, म्हणून त्यांच्या मृत्यूचा गाजावाजा होऊ दिला गेला नाही. डोरीन यांच्या पदरात दोन लहान मुले होती. सहकाऱ्यांनी मात्र शोक आवरून काम पुढे नेले आणि १९४३ च्या जानेवारीअखेर ते रडार प्रत्यक्ष मोहिमेवर गेले.

उशिरा मिळालेला मान

१९५७-५८ मध्ये अमेरिकेत ४५ अंशांच्या खाचेची स्टिरिओ एलपी बाजारात आली, तेव्हा ब्लमलाइन यांच्या पेटंटची मुदत संपून गेली होती. नव्या पिढीतील श्रोत्यांना ती नवी जादू वाटली. भारतातही साठच्या दशकात स्टिरिओचा जमाना आला. 'शीळ' गाणारे जी. एन. जोशी १९३८ पासून एच.एम.व्ही.च्या मुंबई कार्यालयात होते. त्यांच्याच निर्मितीतून १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही स्टिरिओ एलपी निघाली. संतूर, बासरी आणि गिटार यांच्यामध्ये जी मोकळी जागा श्रोत्याला जाणवते, ती कोरण्याची युक्ती १९३१ च्या पेटंटमध्ये लिहून ठेवलेली होती. एका वऱ्हाडी गायकाच्या कारकिर्दीत लाखेची एकवाहिनी ध्वनिमुद्रिका आणि स्टिरिओ एलपी अशी दोन्ही युगे सामावली. या दोन्ही युगांमागे हेजच्या प्रयोगशाळेतील त्या अभियंत्याचे काम उभे होते.

१९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या घरावर स्मृतिफलक लागला. १९९९ आणि २००० या लागोपाठच्या वर्षांत त्यांची दोन चरित्रे प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अॅबी रोड स्टुडिओत फलक बसवला आणि २०१७ मध्ये तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. मृत्यूनंतर तोपर्यंत ७५ वर्षे उलटली होती.

मंगरूळपीरच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही गावात माळ्यावरून असा डबा निघाला, तर तो भंगारात घालण्याची घाई करू नये. त्याचे कंडेन्सर सुकले असतील, खटके गंजले असतील, पण ते बदलता येतात. घरातल्या आजोबांनी जपलेली ध्वनिमुद्रिका योग्य खटक्यावर एकदा लावून पाहावी. ज्यांचा आवाज घोगरा होता असे आपण इतकी वर्षे मानत आलो, ते गायक आणि गायिका त्या दिवशी प्रथमच आपल्या खऱ्या आवाजात घरी गाऊ लागतील.